दगडाच्या जागी

दोरवालीचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नसे. दोर विकणाऱ्यानं विश्वासावर जगू नये, असं ती म्हणे. वळून झालेला प्रत्येक दोर ती झाडाच्या फांदीला बांधायची, पाय उचलून त्याला लोंबकळायची आणि मगच गिऱ्हाइकाला दाखवायची. दुकानदाराचा तराजू, डॉक्टरची गोळी, जावेचं हसू, सगळ्यांना तिच्या लेखी तीच कसोटी होती. पंचाईत एवढीच, की माणसांना लोंबकळून बघता येत नाही.

तिचा संशय एकदा खरा ठरला होता, तेव्हापासून तर ती कुणाचं ऐकेनाशीच झाली. काही वर्षांपूर्वी नवरा परक्या विहिरीतला गाळ काढायला निघाला, तेव्हा ती म्हणाली होती, "त्यांच्या प्लॅस्टिकच्या दोरावर उतरू नका. आपला न्या." नवरा हसला होता. "लोकांची विहीर, लोकांचा दोर. मी फक्त माझं अंग नेतो." ते अंग चौघांनी झोळीत घालून परत आणलं. उजवा हात खांद्यापासून गेला, कंबर कायमची अधू झाली. पंचक्रोशीत ज्याच्या दोराला तोड नव्हती तो माणूस भिंतीला टेकून माशा हाकायला लागला. बायको त्याच्यासमोरून वाखाच्या, म्हणजे दोराच्या धाग्यांच्या, जुड्या उचलून न्यायची आणि तो तोंड फिरवून घ्यायचा.

मग अपंगाचं घर म्हणून मदत कार्यालयाकडून महिन्याचं धान्य आणि त्याची औषधं मिळायला लागली. त्या मदतीची अट एकच होती, की घरात कमावता पुरुष नसावा.

यंदा तळं लवकर आटलं. घायपाताची पानं कुजवून वाख काढायचा तर भरपूर पाणी लागतं, आणि तळ्यात एक म्हैस बसेल एवढा चिखलही उरला नव्हता. जो काही वाख हाती आला होता तो बाजाराच्या आत वळून संपवायला हवा होता. म्हणून दोरवाली सकाळपासून अंगणात चाक फिरवत होती. अंगण म्हणजे एक लांबलचक पट्टी, घरासमोरून निघून जावेच्या दारावरून मोठ्या झाडापर्यंत गेलेली. एका टोकाला लोखंडी आकड्यांचं चाक, दुसऱ्या टोकाला जमिनीवर एक फळी, आणि दोहोंच्या मध्ये ताणलेले तीन पेड. चाक फिरलं की पेडांना पीळ बसतो. पीळ बसला की पेड आखडतात आणि फळीला हळूहळू पुढे ओढतात. फळी हलकी असली तर ती धावत येते आणि सगळा दोर वेटोळी मारून बसतो. म्हणून फळीवर ओझं ठेवायचं. सासऱ्याच्या आधीपासून या घरात त्या जागी एक काळा दगड असायचा.

आता त्या जागी नवरा बसलेला होता.

ही करणी तिचीच. मागच्या वर्षी त्यानं गोळ्या थुंकून टाकायला सुरुवात केली होती. जेवण पुढ्यात ठेवलं तर "कुणासाठी वाढतेस?" म्हणून विचारायचा. एका सकाळी तिनं दगड लोटत लोटत नेऊन जावेच्या भिंतीशी टाकला आणि परत येऊन म्हणाली, "दगडानं पीळ सारखा बसत नाही हो. त्याला काय कळतंय? तुम्ही बसा फळीवर. तुमच्या अंगाला पीळ कळतो." हे धादांत खोटं होतं. दगडानं पीळ उत्तम बसायचा. पण नवरा बसला, आणि फळी सरकली तशी त्याची मान वर आली. त्या दिवशी तो मागून जेवला. तेव्हापासून तो फळीवरून "हळू... घे आता... थांब!" असं ओरडायचा, आणि ती हळू घ्यायची, थांबायची. या थांबण्यापायी दिवसाकाठी एक दोर कमी व्हायचा. तेवढं नुकसान ती मुकाट्यानं सोसायची.

अशा ऐन कामात मदत कार्यालयाचा शिपाई सायकलवरून आला.

"सही कर," तो म्हणाला.

"कशावर?"

"कागद मिळाला म्हणून."

"आणि सही केल्यावर आत 'मी चोर आहे' असं निघालं तर?"

शिपायाला ही बाई ठाऊक होती. त्यानं सायकलवरून पाय टेकले आणि कागद उघडून वाचून दाखवला. घरातला पुरुष कामाला लागल्याचं चौकशीत आढळलं आहे, सबब पुढच्या महिन्यापासून मदत बंद.

दोरवालीचा चाकावरचा हात सुटला. पेड उलटे गरगरले. "कोण म्हणतं?"

"ते यात नाही. पण अपील कर. मुदतीत केलंस तर सुनावणी होईपर्यंत मदत चालू राहते."

"आणि मग पुढे दामदुपटीनं वसूल करतात."

"हरलीस तर दिलेलं परत मागतील. जिंकलीस तर नाही."

"कुणी सांगितलं रे त्यांना?"

"मला काय माहीत? मी पोचवणारा."

"पोचवणाऱ्यालाच सगळं माहीत असतं." शिपाई गेला तरी ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. याचाही हात असेल. सायकल नवी दिसत होती.

नवरा फळीवरून एवढंच म्हणाला, "पेड सैल पडलेत. ओढून घे."

त्या आठवड्यात तिनं गावातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात त्या फांदीला टांगून बघितलं. दूधवाला रोज अंगणातून जातो, नवरा फळीवर बसलेला रोज बघतो. दुकानदार हल्ली प्लॅस्टिकच्या दोऱ्या ठेवतो, त्याला तिचं चाक बंद पडायला हवंच असेल. पण फिरून फिरून तिचं मन एकाच दारापाशी यायचं. दोर जावेच्या दारावरून जायचा. जावेची कोंबडी एकदा पेडात अडकून मेली होती, तेव्हा जाऊ म्हणाली होती, "एक दिवस तुझा दोर माझ्या गळ्याला लागेल बघ." जाऊ विधवा होती, तिला मदत मिळत नव्हती, आणि तिच्या खिडकीतून फळी सरळ दिसायची. आणखी काय पुरावा हवा?

नळावर बायका जमलेल्या असताना दोरवालीनं तोंड उघडलं. "कुणाच्या तरी डोळ्यांत आमचं धान्य खुपत होतं. आता थंडावले असतील डोळे."

"कुणाच्या म्हणे?" जाऊ म्हणाली. "नाव घे की."

"नाव कशाला? चोराच्या मनात चांदणं."

जावेनं घागर खाली ठेवली. "अगं, धाकटा दीर आहे तो माझा. त्याचं वाईट चिंतून मला काय सोन्याचा हंडा मिळणार आहे? तुझा तो धोंडा मात्र माझ्या भिंतीपासून उचल. वर्षभर पायात येतोय."

"बघा! दगडावर डोळा आहेच!"

बायका फिसकन हसल्या. जाऊ हसली नाही. तिनं अर्धवट भरलेली घागर उचलली आणि निघून गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. आधी नवऱ्याला आंघोळीला न्यायचं असलं की जाऊ एका बाजूनं धरायची. आता दोरवाली एकटी त्याच्या काखेत खांदा घालून त्याला ओढायची, आणि दोघं ओल्या फरशीवर झोकांड्या खायची. एकदा तो तिच्यासकट भिंतीवर आदळला. "तिला हाक मार ना," तो कण्हत म्हणाला. "मेले तरी नाही," ती म्हणाली.

अपील तिनं कुरकुरत का होईना, मुदतीत केलं होतं. सुनावणीच्या आधी कार्यालयातल्या कारकुनानं तिला बोलावून घेतलं. "तुमच्याविरुद्ध जे काही वापरणार ते आधी तुम्हाला दाखवावं लागतं. तुमचा हक्क आहे तो. वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवतो. फक्त इथे सही करा, बघितलं म्हणून."

पुन्हा सही. दोरवालीनं हात पदराखाली घेतले. "म्हणजे उद्या म्हणायला मोकळे, की हिनं सगळं बघितलं आणि कबूल केलं."

"बघणं म्हणजे कबूल करणं नव्हे, बाई."

"ते तुम्ही इथं म्हणता. तिथं काय म्हणाल?"

कारकुनानं फाइल मिटली. "उद्या म्हणू नका की सांगितलं नाही."

सुनावणीच्या दिवशी तिनं टेम्पो ठरवला. नवऱ्याला मागच्या बाजूला कसंबसं बसवलं, आणि वळून बघते तो जाऊ चांगली साडी नेसून शेजारी येऊन बसलेली. कुणी बोलावलं नव्हतं. "तिकडे उतरवायला दुसरा हात लागेल," जाऊ रस्त्याकडे बघत म्हणाली. दोरवालीनं तिची साडी न्याहाळली. ही साक्ष द्यायला निघालीय. आपल्याच टेम्पोतून आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला निघालीय, आणि भाडंही आपलंच!

जाऊ बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आत एक लांब टेबल होतं, वर कुरकुरणारा पंखा, मध्यभागी बोलणं टिपून घेणारं छोटं यंत्र. एका बाजूला तपासनीस, तरुण, नीट इस्त्री केलेला शर्ट. समोर सुनावणी घेणाऱ्या बाई, चष्मेवाल्या. दोरवालीनं नवऱ्याला खुर्चीत टेकवलं, त्याची काठी त्याच्या डाव्या हातात दिली, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मला आधी एक बोलायचंय. तुम्ही दोघं आत्ता एकाच टपरीवर चहा पीत होता."

तपासनीस लाल झाला. बाईंनी चष्मा काढून पुसला. "पीत होतो. उकाड्यावर बोललो, या प्रकरणावर नाही. हे मी नोंदीत घेते. तुमची मदत बंद करायचा निर्णय माझा नव्हता. आणि आजचा निकाल या खोलीत जे सांगितलं जाईल, दाखवलं जाईल, तेवढ्यावरच होईल. तरी तुम्हाला दुसरं कुणी हवं असेल तर सांगा, पुढची तारीख मिळेल."

पुढची तारीख म्हणजे पुन्हा टेम्पो, पुन्हा त्याला उचलणं. "चालवा," ती म्हणाली आणि बसली.

"आणखी एक लक्षात घ्या. मदत चालू होती, ती कार्यालय बंद करतंय. तेव्हा तुमचे यजमान काम करतात हे कार्यालयानं सिद्ध करायचं. करत नाहीत हे तुम्ही आधी सिद्ध करायचं नाही."

इतकं आपल्या बाजूनं कुणी बोललं की दोरवालीला धडकी भरायची. बोकडाला कापायच्या आधी चांगलं खाऊ घालतात, हे तिनं पाहिलेलं होतं.

तपासनिसानं वाचलं, "गृहभेटीच्या वेळी घरातील पुरुष दोर वळण्याच्या कामात नियमित सहभागी असल्याचे आढळून आले."

"तुम्ही यांना प्रश्न विचारू शकता," बाई म्हणाल्या.

"मी? साहेबांना?"

"हो. तुम्हीच."

याचीच तर ती वाट बघत होती. ती पुढे सरकली. "साहेब, आमच्या अंगणात यांना काम करताना तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघितलं?"

"मी आलो तेव्हा काम बंद होतं. तुम्ही बाजारात गेला होता."

"मग आढळलं कुठून? हवेतून?"

"माहिती मिळाली."

"कुणाकडून?"

तपासनिसानं कागद उलटला. "ते फाइलमध्ये आहे. तुम्ही बघितली असती तर..."

"मी कागदाला विचारत नाही, तुम्हाला विचारते. नाव घ्या!" तिचा आवाज चढला. दार उघडं होतं, व्हरांड्यात ऐकू जावं म्हणूनच चढला. "माझ्या घरावर बोट ठेवणाऱ्यानं इथं माझ्यासमोर बसून बोलावं."

"सांगा," बाई तपासनिसाला म्हणाल्या. "त्यांना ते कळायलाच हवं."

तपासनिसानं एकदा नवऱ्याकडे बघितलं. "यांनीच सांगितलं. मी विचारलं, दिवसभर काही करता का? तर म्हणाले, 'करतो म्हणजे? आमचा दोर माझ्यावाचून होत नाही. ती नुसतं चाक फिरवते. पीळ माझ्या अंगाला कळतो.'"

पंखा कुरकुरत राहिला. दोरवालीला नवऱ्याकडे बघवेना. तिला त्याचा भयंकर राग आला. परक्या माणसासमोर मिशीला पीळ द्यायची काय गरज होती? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. पण ती शेवटची ओळ तिला ओळखीची होती. तिनंच ती त्याच्या तोंडात घातली होती, आणि त्यानं ती वर्षभर जपून ठेवली होती. सगळ्या गावाला टांगून झालं, आणि दोर निघाला स्वतःच्याच हातचा. तिला स्वतःची लाज वाटली.

"तुम्ही असं म्हणालात?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"म्हणालो."

"आणि ते खरं आहे?"

नवऱ्यानं काठी घट्ट धरली. "हिला विचारा. हिला माहीत आहे."

तो हे अगदी निर्धास्तपणे म्हणाला. त्याला वाटत होतं, बायको आता छाती पुढे काढून सांगेल.

बाई तिच्याकडे वळल्या. "ते फळीवर बसतात तेव्हा नेमकं काय करतात? ते नसले तर दोर होतो का?"

नाही म्हटलं तर धान्य गेलं, आणि गोळ्या गेल्या. गोळी चुकली की तो दात आवळून कसा रडतो, ते फक्त तिनं पाहिलं होतं. तपासनीस मध्येच हळू आवाजात म्हणाला, "नुसते बसत असतील तर तसं सांगा बाई." त्याच्या दयेचाही तिला संशय आला. पण रस्ता तोच होता.

"होतो," ती म्हणाली.

"त्यांच्याशिवाय?"

"दगड ठेवला की होतो. फळीवर ओझं लागतं. आधी दगडच होता. तो काढून मी यांना बसवलं."

"का?"

"भिंतीला टेकून बसायचे हो दिवसभर. जेवायचे नाहीत. म्हणून."

"म्हणजे दोर वळण्यात त्यांचा भाग..."

"दगडाएवढा." तिनं टेबलाकडे बघत सांगितलं. "ते थांब म्हणतात, तेव्हा मी थांबते. थांबायची गरज नसते."

शेजारच्या खुर्चीत नवऱ्याची मूठ सुटली. काठी फरशीवर पडली आणि कुणीच ती लगेच उचलली नाही.

बाईंनी तपासनिसाला आणखी काही विचारायचं आहे का ते विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "माणूस स्वतःबद्दल जे बोलला ते मला बाजूला टाकता येत नाही. पण तो कशाबद्दल बोलला तेही बघावं लागतं. नुसतं ओझं म्हणून बसणं याला कमावतं काम म्हणता येणार नाही. कार्यालयानं आपलं म्हणणं सिद्ध केलेलं नाही. मदत चालू राहील. लेखी निकाल घरी येईल."

दोरवाली जिंकली होती. तिनं वाकून काठी उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली, पण तिच्या हाताला हात लागू दिला नाही.

व्हरांड्यात जाऊ उठून उभी राहिली आणि काही न विचारता तिनं दिराला दुसऱ्या बाजूनं धरलं. टेम्पोत बसल्यावर मात्र तिला राहवलं नाही. "काय झालं रे?"

"मदत चालू राहिली," नवरा म्हणाला. "मी दगड ठरलो."

जावेनं दोरवालीकडे बघितलं. दोरवालीला तिला खूप काही सांगायचं होतं, माफीही मागायची होती, पण ती नवऱ्याची काठीच सावरत राहिली. नवरा त्या दिवशी जेवला नाही. गोळी त्यानं घेतली, पाण्याचा घोट घेतला, भांडं परत दिलं. थुंकला नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

सकाळी ती उठली तर तो जागेवर नव्हता. ती धावत बाहेर आली. नवरा अंगणात फळीशेजारी जमिनीवर पसरला होता, धापा टाकत. शर्ट खांद्यावर फाटलेला, डावा कोपर सोलवटून निघालेला. आणि फळीवर तो काळा दगड होता. दगडाला दोर बांधलेला होता, तिच्याच हातचा, आणि दोराचं दुसरं टोक नवऱ्याच्या कमरेला. जावेच्या भिंतीपासून थेट फळीपर्यंत अंगणात एक खोल फरफट उमटली होती. बसून, टाचा रोवून, मागे मागे सरकत त्यानं तो ओढत आणला होता.

"बसवला तुझा दगड," तो म्हणाला. "आता वळ."

त्याचं रक्त पुसावं हे तिला आधी सुचायला हवं होतं. तिला आधी सुचलं ते असं, की हे कुणी बघितलं तर? एवढा धोंडा ओढणारा माणूस अपंग कसा, असं कुणी विचारलं तर? लेखी निकाल अजून आलेला नाही. तिनं रस्त्याकडे बघितलं. दूधवाल्याची वेळ झाली होती. ती फळीपासून सुरुवात करून पायानं ती फरफट पुसायला लागली, माती ओढून, तळवा घासून.

तेवढ्यात पलीकडून खराट्याचा आवाज आला. जाऊ आपल्या भिंतीपासून झाडत येत होती. दगड जिथून हलला होता त्या खड्ड्यावर तिनं माती लोटली होती आणि ती त्याच रेषेवरून, इकडे तिकडे न बघता, पुढे सरकत होती. अंगणाच्या मध्यावर दोघी समोरासमोर आल्या. फरफट संपली होती.

"आज लवकर झाडायला घेतलंत, जाऊबाई?" दोरवाली म्हणाली.

"माझं अंगण आहे. मी केव्हाही झाडीन." जावेनं खराटा आपटून माती झटकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्याचा कोपर धू आधी. माती गेलीय आत."

दोघींनी मिळून त्याला भिंतीशी नेलं. दोरवालीनं कोपर धुतला, फडकं बांधलं. त्यानं ते करू दिलं. तो झाडाकडे बघत होता.

बाजार दुसऱ्या दिवशीच होता, काम थांबून चालणार नव्हतं. तिनं पेड आकड्यांना अडकवले आणि चाक फिरवायला घेतलं. दगड जसा यायचा तसा आला, सावकाश, एका चालीनं. जिथे नवरा रोज 'थांब' म्हणून ओरडायचा तिथे तिचा हात आपोआप थांबला. तिनं भिंतीकडे बघितलं, थोडा वेळ वाट पाहिली. तिकडून आवाज आला नाही. तिनं पुन्हा चाक फिरवलं.

त्या दिवशी एक दोर जास्त झाला.